पोचल्याची नोंद

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माणसाने अवकाशात सोडलेले प्रत्येक यान सुखरूप पोचते की नाही, हे पाहण्याची संपूर्ण जबाबदारी तीर्थपुरीतल्या एका सेवानिवृत्त गृहस्थांवर आहे. हे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. शास्त्रज्ञांना ही व्यवस्था अजून कुणी कळवलेली नाही, एवढंच.

मावसाजी उभी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर होते. 'उभी' हा शब्द मी तोलून वापरतो आहे. शेवटची गाडी लागल्याशिवाय त्यांनी कधी फलाट सोडला नाही, आणि ते घरी आल्याशिवाय मावशीनं कधी घास घेतला नाही. "मानूस उभा असला की गाडी बराबर येती. बसला की रस्त्यात पंक्चर," हा त्यांचा सिद्धान्त. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, उभं राहणं सुटेना. मग पेपरात कुठल्याशा यानाची बातमी वाचली आणि त्यांना नवं स्टँड सापडलं. जाड वही आणून त्यांनी सुटल्याची वेळ, पोचल्याची वेळ, शेरा असे रकाने आखले आणि अवकाशाचा सगळा इतिहास मागल्या तारखांनी भरून काढला. पृथ्वीभोवती फिरलेल्या पहिल्या कुत्रीपुढं शेरा आहे : 'परतीची सोय न करता पाठविली. चौकशी व्हावी.' चंद्रावर पहिल्यांदा उतरलेल्या दोघांना त्यांनी साधे प्रवासी धरलंय. सगळा मान वर एकट्यानं घिरट्या घालत थांबलेल्या तिसऱ्याला. "खाली फिराया कोनीबी उतरतंय. गाडी सोडून गेला न्हाई, त्यो खरा ड्रायव्हर." ग्रहांच्याही पार निघून गेलेल्या एका यानापुढं 'अजून रस्त्यात' असं लिहिलंय, आणि ते वाचून दाखवताना दरवेळी त्यांची नजर दाराकडं जाते, ते आत्ता येऊन लागेल अशी.

आपल्या देशाच्या पानावर पोचल्याच्या रकान्यात एकच जागा कोरी होती. आपलं यान चंद्रावर उतरता उतरता बोलायचं थांबलं, त्या वेळची. नेमके त्या वेळी मावसाजी, मावशीच्या आग्रहाखातर, घरात खुर्चीवर बसले होते. त्यानंतर चार वर्षं हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा धड टेकला नाही.

पुढचं यान उतरणार त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. टीव्ही घरात, मावसाजी दुपारपासून फाटकाबाहेर. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. चहा नको, पाणी नको. मी खिडकीतून यानाची उंची ओरडून सांगायचो आणि ते मनगटावरचं घड्याळ बघून विचारायचे, "लेट तर न्हाई ना होऊन राह्यलं?" मावशीनं भाकरीचं ताट दोनदा वाढलं, दोनदा झाकलं. लग्न झाल्यापासून आपण हेच करत आलोय, असं ती मला भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तशी म्हणाली.

मग टीव्हीत टाळ्या वाजल्या. यान चंद्रावर उभं होतं. गल्लीत फटाके सुरू झाले. मी वही घेऊन बाहेर धावलो. मावसाजींनी वेळ लिहिली, खाली सही केली, वही मिटली, आणि पुन्हा रस्त्याच्या टोकाकडं बघत उभे राहिले. मागची, चार वर्षं न आलेली गाडीही आता येईल, असं त्यांना वाटत असावं. मावशी पदराला हात पुसत फाटकाशी आली आणि सगळ्या गल्लीदेखत बोलून गेली :

"पोचलं न्हवं ते? मंग आता तुमी बी या घरी."