दाराशी चपला

बँकेतलं काम संपेपर्यंत पाय भरून आले होते. शेजारच्या गल्लीत चित्रांचं एक लहानसं दालन आहे, विक्रीचं. आत एसी असेल म्हणून शिरले. चपला सवयीनं दाराशीच निघाल्या. टेबलामागची मुलगी म्हणाली, "मावशी, चपला चालतील आत." म्हटलं, "राहू दे गं, फरशी छान गार आहे."

समोर भिंतभर करडा रंग, तळाशी एक पिवळट रेघ. "या चित्राबद्दल काही सांगू का?" तिनं विचारलं. मी नको म्हणाले. सकाळपासून प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, अंथरुणावरच्या सासूबाईंपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत. या करड्या रंगाला काहीच नको होतं. मला तो कळला नाही, आणि कळायला हवा असंही त्याचं म्हणणं नव्हतं. मी बराच वेळ नुसती उभी राहिले.

निघताना पाहते तो माझ्या चपलांशेजारी बूट, सँडल, कोल्हापुरी, सगळं ओळीनं मांडलेलं. मागून आलेले सगळे अनवाणी, देवळात बोलावं तसं हळू बोलत होते. माझे तर फक्त पाय दुखत होते. तसं सांगणारही होते, पण ती माणसं इतकी शांत उभी होती, की चपला हातात घेऊन मी आवाज न करता बाहेर पडले.