एका बुटाचे दोन देश

चार माणसं दर रविवारी जमून देशोदेशीच्या कविता शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागली, की कवितांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमचं तसंच झालंय. कविता वहीत राहिल्या, किस्से मात्र बदलापूरभर फिरताहेत! त्यातले बहुतेक वैशालीच्या पीएचडीच्या शेवटच्या वर्षातले आहेत, आणि ते सांगताना मला अजूनही घाम फुटतो.

वैशाली जाधव मांजर्लीत राहते, ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिचा विषय होता वेगवेगळ्या देशांतल्या युद्धकवितांची तुलना. आठ वर्षं उलटली होती, शेवटची मुदतवाढही संपत आली होती. आता पदवी मिळाली नाही तर नोंदणी रद्द, सगळी मेहनत वाया आणि कायमची नोकरीही विसरा!

*

आम्ही जमतो हेंद्रेपाड्यात, पाटील सरांकडे. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. पहिल्याच रविवारी त्यांनी भिंतीला फळा टेकवला आणि चार रकाने आखले. "साम्य, भेद, पुरावा, निष्कर्ष!"

मी म्हटलं, "सर, कविता आहे ती, बेडूक नाही."

"बेडूक परवडला हो," सर म्हणाले. "तो आतून सगळ्या देशांत सारखाच असतो!"

*

चौथे आमचे दयारामशेठ. उल्हासनगर कॅम्प एकला त्यांचं कापडाचं दुकान आहे. एकदा आम्ही नॉर्वेच्या सैनिकाची कविता आणि इराकच्या सैनिकाची कविता घेऊन बसलो होतो. बर्फ कशाचं प्रतीक, वाळू कशाचं, यावर वैशाली आणि सर तासभर भांडले. आवाज इतका चढला, की शेजारीण येऊन काय झालं म्हणून विचारून गेली.

शेठ शांतपणे चिवडा खात होते. शेवटी म्हणाले, "बरफ असो की रेती, पाय दोघांचे दुखतात ना? चलो, आगे पढो."

तासभराचं भांडण तिथेच मिटलं.

*

त्याच वर्षी नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. वैशालीचं घर तळमजल्यावर. सकाळी सातला पाणी उंबऱ्यावर आलं. तिने प्रबंधाच्या फायली देशांप्रमाणे लावलेल्या होत्या, प्रत्येक फाईलवर मोठ्या अक्षरांत देशाचं नाव. कॉम्प्युटर आधीच बिघडलेला, म्हणजे जे काय होतं ते त्या कागदांवर! मदतीला मी पोचलो, तेव्हा ती जिन्यावरून फायली वर नेत होती आणि सासूबाई गुडघाभर पाण्यात उभं राहून कपाटातून एकेक काढून देत होत्या.

नवरा ओरडला, "अगं, टीव्ही तरी उचला!"

सासूबाई त्याच्यावर डाफरल्या, "टीव्ही राहू दे! आधी हंगेरी उचल, हंगेरी भिजतंय!"

*

हंगेरी वाचलं. प्रबंध टाईप होऊन, बांधून वेळेत जमा झाला. बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला. माणूस कडक, विद्यार्थी त्यांना टरकून असत. पण अहवालात चक्क कौतुक होतं! 'चौथे प्रकरण विशेष उल्लेखनीय.' आम्ही पेढे खाल्ले.

चौथ्या प्रकरणात दोन कवितांची तुलना होती. एक हंगेरीच्या कवीची, वैशालीने इंग्रजीवरून मराठीत आणलेली. दुसरी चिलीची, एका जुन्या मराठी मासिकात मिळालेली. कवीचं नाव नाही, नुसतं 'एक चिलीयन कवी'. दोन्हींत युद्धावर गेलेल्या मुलाच्या बुटांना आई रोज पॉलिश करते. वैशालीने लिहिलं होतं, 'दोन्ही माता आधी डावा बूट हाती घेतात, हा निव्वळ योगायोग नव्हे.'

तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी तिने त्या दोन्ही कविता आम्हाला वाचून दाखवल्या. शेठनी त्या प्रथमच ऐकल्या. त्यांनी कागद मागून घेतले, दोन्ही चष्म्याजवळ नेले आणि ओळी मोजल्या. सतरा आणि सतरा.

"बेटी, हे दोन नाहीत," ते म्हणाले. "एकाच कापडाचं थान आहे. दोन दुकानात कापून ठेवलाय."

वैशालीने दोन्ही कागद ओढून घेतले. परीक्षेला नऊ दिवस होते आणि प्रबंध जमा झालेला!

*

तिने दोनच दिवसांत धुंडाळून काढलं आणि बुधवारीच आम्हाला बोलावलं. मासिकातला अनुवाद हिंदीवरून केलेला होता. त्या हिंदी पानावर वर हंगेरीची कविता होती, खाली चिलीची. अनुवादकाने वरची कविता घेतली आणि खालचा देश! पन्नास पानांचं प्रकरण त्यावर उभं होतं.

पाटील सर म्हणाले, "गप्प बसायचं. त्यांनी कौतुक केलंय, आपण कशाला उकरायचं?" खरं सांगतो, मीही तेच म्हणालो. आठ वर्षं डोळ्यांसमोर होती.

शेठ तेवढे अडून बसले. "माल में फॉल्ट है तो गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. त्याने स्वतः पकडला तर दुकान गया."

"तुम्ही कुणीच काही बोलू नका!" वैशाली ओरडली आणि उठून गेली. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

*

परीक्षा खुली असते, आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो. ती काय करणार, आम्हाला ठाऊक नव्हतं.

वैशाली उभी राहिली. "सर, सुरुवातीलाच एक सांगायचंय. चौथ्या प्रकरणातल्या कविता दोन नाहीत, एकच आहे. हंगेरीची. अनुवादकाने देश चुकवला आणि मी तपासला नाही. चूक माझी आहे."

पाटील सरांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मासिक कुठलं?" परीक्षकांनी विचारलं. तिने नाव सांगितलं.

"वर्ष?" तेही सांगितलं.

"अनुवादक कोण?"

"नाव नाही सर. 'एक विद्यार्थी' एवढंच छापलंय."

परीक्षकांनी प्रबंध उघडला, ते पान काढलं आणि सतराच्या सतरा ओळी वाचल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जाधवबाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बावीस वर्षांचा होतो हो मी तेव्हा!"