दारोदारी लिंबाचे डहाळे

घ्या, चहा निवेल. तोवर एका अख्ख्या वाडीला मी कसा रडवून आलो, ते सांगतो. आणि गेलो होतो कशाला, तर मुलांना हसवायला.

लढाईचे दिवस होते. देवीच्या साथीत माझी सुमन गेली, मागोमाग तिची आई. घरात मी उरलो आणि सुमनची चित्रांची पुस्तकं. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण मांडीवर बसून प्रत्येक चित्राशी भांडायची. ती पुस्तकं मी मुरबाडच्या आमच्या वाचनालयाला दिली आणि कपाटातला एक खण मागून घेतला, शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांसाठी.

चिटणीस तात्या म्हणाले, "मास्तर, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचनालय? उद्या बहिऱ्यांसाठी भजन ठेवाल."

"आईनं दाखवायचं, मुलानं बघायचं. सुरुवात तिथूनच होते, तात्या."

"दिवाळीपर्यंत बघू. कोणी पुस्तक नेलं नाही, तर त्या खणात जुनी वर्तमानपत्रं जातील."

पुस्तकं परत घरी आणायची? तेवढं माझ्यानं होणार नव्हतं.

मुरबाडात कोणी फिरकलं नाही. म्हटलं, आपणच जावं. पत्र्याच्या पेटीत पुस्तकं भरली, खाकी कोट चढवला, टोपी घातली. कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं धसईला उतरलो आणि तिथून पायी पुढच्या एका वाडीवर गेलो.

आता तुम्हीच सांगा. खाकी कोटातला अनोळखी माणूस पेटी घेऊन वाडीत शिरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "लहान मुलं कोणत्या घरात आहेत?" त्याला तुम्ही कोण समजाल?

देवीची लस टोचणारा सरकारी माणूस नेमका असाच यायचा. त्याच्या सुईला भिऊन लोक पोरं लपवायचे. मी तोच, हे वाडीनं लगेच ठरवलं. मला कळलं नाही.

पहिल्याच अंगणात ठमाआजी भात पाखडत होती. "पोरां? आमच्यात पोरां नाय. सगली मामाकडं गेलीत."

"सगळ्या वाडीची?"

"मामा लय हायेत."

"आजी, घाबरू नका. मुलाला आईनं मांडीवर धरायचं, बाकीचं मी बघतो. रडणारं पोरसुद्धा गप्प होतं."

धीर द्यायला बोललो होतो. म्हातारीचा चेहरा पार उतरला. मागं वळून तिनं सुनेला हाक मारली, "गंगे, डहाळा लाव गो. शेजारी पण सांग."

मी पेटी उचलून पुढच्या घरी जातो, तर दारावर कडुनिंबाचा डहाळा. त्याच्या पुढच्या दारावरही. घरात देवी आल्या की आपल्याकडे डहाळा लावतात, आणि मग परक्यानं उंबरा ओलांडायचा नसतो. मागं वळून बघतो, तर ठमाआजीच्याही दाराला डहाळा, आणि दारात गंगी आडवी उभी.

"आत येव नका, दादा. पोराला देवी आल्यात."

"कधीपासून?"

"आताच. म्हंजे, कालपासना."

"ताप आहे?"

"हाय ना. लय हाय."

तिच्या डोक्यावर, माळ्यावर, पोरं खुसखुसत होती. देवी आलेलं मूल खुसखुसत नाही. ते मला कोणी सांगायला हवं होतं का? मी सुमनचं अंथरूण पाहिलं होतं. पण डहाळा दिसला आणि पुढचं काही दिसेनासं झालं.

पेटी घेऊन मी धसईच्या मोटारीकडे धावलो. मुरबाडला दवाखान्यात पोचलो आणि धापा टाकत सांगितलं, "चित्रांची पुस्तकं वाटायला गेलो होतो. घराघरांत देवी आहेत."

दुसऱ्या दिवशी खरा टोचणारा गेला, सोबत शिपाई. एकाही पोराच्या अंगावर फोड नव्हता, म्हणून त्यानं सगळ्यांना टोचलं. माळ्यावरची, कणगीमागची, मामाकडचीसुद्धा.

बातमी तात्यांच्या कानावर गेली. "वाचनालयाचा माणूस आधी पोरं हेरून जातो, असं बोलतात वाडीवर. आता दिवाळीची वाट कशाला? खण मोकळा करा."

मी पुस्तकं काढून सुतळीनं बांधायला बसलो.

तेवढ्यात वाचनालयाच्या दारात गंगी. कडेवर पोर, त्याचा दंड सुजलेला.

"डाक्तर बोलला, तुमी चित्रां घेऊन आलेलाव. खरा?"

"खरं."

"मंग पयलं बोलायचं ना."

"बोलू दिलंत कुठं?"

"बोलूचा काय त्यात? पेटी उघडायची." तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तापलाय. निजत नाय, निजू देत नाय. रडणारा गप होतो बोललेलाव. द्या आता."

मी सुतळी सोडली. पोरानं सुमनच्या पुस्तकातली म्हैस बघितली, हुंदका अर्ध्यावर राहिला, आणि म्हशीच्या तोंडावर त्यानं एक चापट मारली. मी खिडकीकडे तोंड केलं.

खणात ठेवायला आणलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा तात्यांनी स्वतः उचलून जमिनीवर ठेवला.

आता सुमनची पुस्तकं कोणकोणत्या घरांत फिरतात, ते मलाही सांगता येणार नाही. त्या वाडीवर मी पेटी घेऊन जातो. पोरं पळून जात नाहीत, उलट न बोलावता येतात. फक्त पुस्तक मागायच्या आधी दंड पुढं करून, डोळे घट्ट मिटून, माझ्यासमोर रांगेत उभी राहतात. मास्तरकीत उभा जन्म गेला, पण एवढा शिस्तीतला वर्ग मला शाळेत कधी मिळाला नाही.