बरं आहे

दवाखान्यात यांच्या खाटेशेजारी बसून महिनाभरात माझी तीन पुस्तकं वाचून झाली. रहस्यकथेतला खुनी मी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला. हिमालयाच्या प्रवासवर्णनात डोंगर कमी आणि लेखकाची जेवणंच जास्त होती. एका नटीचं आत्मचरित्र तेवढं खरं वाटलं, कारण तिला कुणालाच माफ करायचं नव्हतं.

रोज संध्याकाळी हे विचारायचे, "कसं आहे पुस्तक?" आवडलं तर मी भरभरून बोलते, नाही आवडलं तर नुसतं "बरं आहे" म्हणते. चाळीस वर्षांच्या संसारात यांना ते पाठ झालंय.

आजारातून उठतो तो माणूसही बरा आणि फसलेलं पुस्तकही बरं. एकच शब्द दोन्हीकडे कसा चालतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आज सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि आता आमच्या हातात काही नाही म्हणून सांगितलं. मी खाटेशी परतले तोच दिराचा फोन आला. "वहिनी, दादा कसा आहे?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पुस्तकासारखा बरा ना?"

मी चौथं पुस्तक उघडलं आणि तोंडासमोर धरलं.