डावीकडून वर आलेला हात

यवतमाळच्या एका स्केटिंग अकादमीने स्मरणिका काढायची ठरवली. जिल्ह्यातल्या पहिल्या पगारी रोलर हॉकी संघाचा इतिहास कोण लिहील, अशी शोधाशोध करत त्यांचा फोन माझ्यापर्यंत आला. दोन पानं, आठ दिवसांची मुदत, मानधन नाही. मी म्हटलं, इतिहासच दोन उन्हाळ्यांचा आहे, दोन पानांत मावेल. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्या संघाबद्दल मी आजवर बायकोलाही धड काही सांगितलेलं नाही.

आमची जिनिंग पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून होती. कापसातून सरकी वेगळी करणारे बारा रेचे चौथऱ्यावर एका रांगेत, आणि प्रत्येक रेच्यापुढे हाताने कापूस सारणारी एक बाई. समोर सिमेंटची लांबरुंद फरशी, तिथे रुईचे ढीग पडायचे. एप्रिलमध्ये हंगाम संपला की सगळं बंद. मालकाचा मुलगा थंड मुलखात शिकायला होता. मालक त्याला भेटायला गेले आणि बर्फावरची हॉकी बघून आले. तिकडे त्यांना कोणी सांगितलं होतं म्हणे, की पूर्वी खाणीच्या नाहीतर गिरणीच्या गावात एखादा हौशी शेठ खेळाडूंना पगार देऊन संघ उभा करायचा आणि दोन हंगामांत तो संघ बंद पडायचा. यातलं शेवटचं वाक्य मालकांनी नीट ऐकलं नसावं. बर्फ आपल्याकडे गोळ्यापुरता, म्हणून बुटांना चाकं लावायची ठरली.

खेळाडू जिनिंगमधलेच निवडले. उन्हाळ्यात बसून राहायचं त्याऐवजी खेळायचे पैसे मिळतात म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? चौघे चांगले तयार झाले. मला चाकांवर उभं राहता येई, पुढे जाता येत नसे, म्हणून मी गोलकीपर. डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट, पायाला क्रिकेटचे पॅड. मारेगावकडच्या एका तांड्यावरचा गडी डावीकडून खेळायचा. चौघांत तोच खरा खेळाडू. बाकीचे पडू नये म्हणून पळत होते, हा पळायचं म्हणून पळत होता.

आमच्या संघाची एक गोष्ट पाहुण्या संघांना खटकायची. आम्ही ओरडत नसू. रेच्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं, बोलून उपयोग नाही हे अंगात मुरलेलं. तिथे सगळं हाताने सांगायचं: पाणी, चहा, कापूस संपला, मुकादम आला. खेळतानाही तेच. शिवाय फरशी कितीही झाडा, छताच्या पत्र्याला आणि कैच्यांना चिकटलेली रुई सगळा उन्हाळा झडत राहायची, आणि तिच्यावर चाकांचा आवाज मरायचा. मे महिन्यातली दुपार, बाहेर पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि आत चार माणसं तोंड मिटून, आवाज न करता इकडून तिकडे जातायत. नागपूरच्या एका कप्तानाने मला खरंच विचारलं, की तुमचे गडी मुके आहेत का. मी हसलो होतो. पण एकदा पायाला लागलं म्हणून मी बाहेर बसून सराव पाहिला, तेव्हा मलाच तिथे थांबवेना.

हाताच्या त्या खुणांमध्ये एक खूण सगळ्यांत मोठी. मूठ आवळून हात सरळ वर. म्हणजे मशीन बंद कर, कोणाचा तरी हात आत गेलाय. ती खूण बघायचं काम माझं. मी मेन स्विचवर होतो. मूठ दिसली की मी आधी माझी मूठ वर करायची, म्हणजे ‘दिसलं’, आणि लगेच खटका खाली ओढायचा. माझी मूठ दिसली की बाकीच्या बायांनी आणि गड्यांनी हातातलं सोडून हात मागे घ्यायचे. विचारायचं काही नाही. कोणाचा हात, खरं की खोटं, हे मशीन थांबल्यावर बघायचं.

पहिल्या उन्हाळ्यानंतरच्या हंगामात सातव्या रेच्यावरच्या बाईने मूठ वर केली. चहाला थोडाच वेळ होता. चहाची घाई झाली की बाया कधी कधी गंमत म्हणून मूठ दाखवत. मी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाकडे बघून मान परत वळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच उशीर मी केला. तेवढ्यात तिचा उजवा हात मनगटापर्यंत गेला. मालकांनी दोष तिच्या सैल बाहीवर टाकला आणि मी तो टाकू दिला.

ती वाचली. फुलसावंगीकडच्या आपल्या गावी गेली, आजही तिथे आहे. म्हणजे भुताची गोष्ट सांगावी, तर तीही सोय नाही. आणि आमच्या घरात भूतखेत चालतच नाही. बापाने बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या, खाली आम्हाला उभं करून म्हणून घ्यायचा. तरी पुढच्या उन्हाळ्यात, रिकाम्या जिनिंगमध्ये सराव चालू असताना, सातव्या रेच्यापाशी मला हात दिसू लागला. सरळ पाहिलं की नाही. डोळ्याच्या कडेला असायचा. मूठ आवळलेली, मनगटावर हिरवं गोंदण. तिने त्या दिवशी मला डावा हात दाखवला होता. हा उजवा होता.

मला भीती वाटायची आणि भीतीची लाज वाटायची. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यातला मोठा सामना यवतमाळच्या संघाशी, आमच्याच फरशीवर. मालकांनी मंडप घातला, पाहुणे बोलावले, लग्नाचे व्हिडिओ काढणारा कॅमेरावाला आणला. जिनिंगच्या बायाही आल्या होत्या. त्या चौथऱ्याच्या कडेला पाय सोडून बसल्या, आपापल्या रेच्यापुढे, कामाला बसतात तशा. त्यामुळे सहावी आणि आठवी यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी राहिली. कोणी ठरवून सोडली नव्हती. ती माझ्या डाव्या हाताला होती. माझा गोल स्विचबोर्डाच्या खालीच होता.

बरोबरी होती, शेवटचं मिनिट. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, डावीकडच्या गड्याकडे होता आणि तो वळून माझ्याकडे येत होता. त्याच्या मागे त्या रिकाम्या जागेतून हात वर आला. या वेळी कडेला नाही, समोर. गोंदण दिसलं. बोटं आवळलेली दिसली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चार स्टिका फरशीवर पडल्याचा आवाज, त्या सामन्यात आमच्या बाजूने झालेला तेवढाच आवाज. आमचे चारही गडी हात मागे घेऊन उभे. चौथऱ्यावरच्या बायांचे हात मांडीत गेलेले. मी गोल सोडून, चाकांवर धडपडत, बंद मशीनचा खटका खाली ओढत होतो. यवतमाळच्या पोराने सावकाश येऊन पक जाळीत ढकलला. त्याला वाटलं असेल, हे हरायचंच ठरवून आलेत.

मालकांनाही तेच वाटलं. संध्याकाळी ऑफिसात आम्हा पाचांना उभं केलं.

“सीधं सांगा. कोणी उठवला हात?”

तिघांनी सांगितलं की हात त्यांनी पाहिला नाही, डावीकडच्याने स्टिक सोडली म्हणून त्यांनी सोडली. बायांना कोणी विचारलंच नाही. मग मालकांनी मला विचारलं. मी म्हटलं, “हात डावीकडून वर आला.”

हे खरं होतं, आणि यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. तो हात डावीकडच्या गड्याचा नव्हता हे मला ठाऊक होतं. तोंड उघडायला पाहिजे होतं. काय सांगणार होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारत आलो, पण ते निमित्त आहे. एवढं तरी म्हणता आलं असतं, की तो याचा नव्हता. डावीकडचा गडी माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. त्याने यवतमाळवाल्यांकडून पैसे खाल्ले असा निकाल लागला. त्याला त्याच दिवशी काढलं, आणि आजूबाजूच्या कुठल्याही जिनिंगने पुन्हा घेतलं नाही. संघही त्या संध्याकाळीच संपला.

त्याची बायको मात्र कामावर राहिली, कारण बाया मुकादमाच्या माणसांत मोडत, त्यांना ठेवायचं-काढायचं तोच बघे. पुढच्या हंगामात तिला सातवा रेचा दिला. ती जागा कोणाला नको होती, आणि बेइमान माणसाच्या बायकोला निवड कुठली? चार हंगाम ती तिथे बसली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या जागेवरून नजर काढत नव्हतो. कितीतरी वेळा मी मशीन उगाच बंद केलं. मुकादम शिव्या द्यायचा, मालक पगार कापायचे, माझं डोकं फिरलंय असं सगळे म्हणत. एकदा मात्र मी खटका ओढला आणि मशीन थांबल्यावर पाहिलं, तर तिच्या पदराचं टोक रोलरमध्ये ओढलं गेलेलं आणि तिची बोटं त्याच्या मागोमाग, वीतभर अंतरावर. तिने अजून मूठ वर केलेली नव्हती. मी तर पाहिली होती.

आता स्मरणिकेसाठी फोटो पाहिजे होता. कॅमेरावाल्याकडे जुन्या हार्ड डिस्कमध्ये, दोन लग्नांच्या मधोमध, तो सामना सापडला. त्याने मला मोबाइलवर टाकून दिला. घरी दार लावून पाहिला.

शेवटचं मिनिट. डावीकडचा गडी वळतो. त्याचे दोन्ही हात स्टिकवर आहेत, स्वच्छ दिसतात. मागे बाया, सहावी, मग रिकामी जागा, मग आठवी. रिकाम्या जागेत काही नाही. आणि फ्रेमच्या कोपऱ्यात गोलकीपर. त्याचं तोंड त्या जागेकडे वळलेलं. त्याचा उजवा हात मूठ आवळून सरळ वर जातो.

माझा हात. ‘दिसलं’ म्हणून सांगणारा. मला तो वर केल्याचं आजही आठवत नाही. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. डावीकडच्या गड्याला माझी मूठ दिसली, त्याने स्टिक सोडली, बाकीच्यांनी त्याला पाहून सोडल्या. जिनिंगच्या माणसाने जे करायला पाहिजे तेच त्याने केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या तांड्यावर गेलो. आता त्याची थोडी शेती आहे, शेळ्या आहेत. मला बघून त्याने बाज टाकली, पाणी दिलं. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने एकदा पाहिलं आणि परत दिला.

“मले माहीत होतं,” तो म्हणाला. “मी तुह्याकडंच पाहून राह्यलो होतो न.”

“मंग ऑफिसात काहून नाही बोलला तू? एका शब्दाचं काम होतं.”

त्याने उठून शेळ्यांपुढे पाला टाकला. मी म्हटलं, मी सगळं लिहिणार आहे, छापून आणणार आहे, की तू पैसे खाल्ले नव्हते, हात माझा होता.

“लिही,” तो म्हणाला. “आता काय फरक पडते. तवा बोललो असतो तं तुले काढलं असतं. स्विचवर नवा माणूस आला असता. नवा माणूस घड्याळ पाहते.”

मी मोबाइल खिशात ठेवला.

“माही बायको त्या लाइनीत बसत होती,” तो म्हणाला. “तुले नसलेला हात दिसला. मी म्हटलं, याले नसलेला दिसते, तं असलेला चुकन कसा? म्हणून गप बसलो.”

आतून भांड्यांचा आवाज आला. ती चहा घेऊन बाहेर आली, एका हातात दोन कप, दुसऱ्या हातात बशा. मी तिच्या बोटांकडे पाहत राहिलो. तिच्या ते लक्षात आलं. कप माझ्यापुढे ठेवून ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“घ्या,” ती म्हणाली, “थंडा होईन.”