पाणी सोडल्याची हाक

माझा आवाज मोठा. लग्न होऊन वेल्ह्याकडच्या या गावात आले तेव्हा सासरच्यांनी पहिलं नाव ठेवलं ते आवाजालाच. पण पहिल्याच पावसाळ्यात तो कामी आला.

डोंगराच्या पायथ्याशी आमची भातखाचरं, पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरची आमची, खालची थोरल्या जाऊबाईंची. त्यांना मी आक्का म्हणते. सगळ्यात खाली, ओढ्याच्या काठाला त्यांचं घर. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नाही. आक्का आणि त्यांच्या चार शेळ्या, एवढाच संसार. पाऊस लागून राहिला की खाचरं काठोकाठ भरायची. वरच्या बांधाचं तोंड वेळेवर मोकळं केलं नाही, तर अख्खा बांध फुटायचा. मात्र फावडं लावायच्या आधी खाली हाक द्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. मी बांधावरून ओरडायचे, "आक्काऽऽ, पानी सोडतेऽऽ!" खालून "व्हय!" आलं की मगच फावडं. पाणी एकेका खाचरातून रमतगमत उतरायचं. तेवढ्यात आक्का शेळ्या सोडायच्या, धान्य माळ्यावर टाकायच्या, चहा प्यायच्या आणि वरच्या देवळात जाऊन बसायच्या. नवरा मला म्हणायचा, "जरा हळू. पार खालच्या धरनावर ऐकू जातंय. धरनावाल्यांना वाटंल, त्यांनाच सांगतीया."

मग आम्ही आमची खाचरं विकली. कुणी फसवलं वगैरे काही नाही, मलाच विकायची होती. चिखलात वाकून वाकून कंबर गेली होती, आणि विंझर गावात रस्त्यालगत दुकान टाकून तिथंच राहायचं माझ्या डोक्यात होतं. घेणाऱ्यांना बंगल्यांसाठी प्लॉट पाडायचे होते. जेसीबीने चार दिवसांत सगळे बांध सपाट केले. डोंगर खरवडून रस्ता काढला. तो ओढ्यापलीकडे न्यायला ओढ्यात मुरमाचा भराव टाकला आणि पाण्यासाठी खाली एक सिमेंटचा पाईप ठेवला. आषाढातला ओढा त्यात मावायचा नाही, हे मला बघताक्षणी कळलं होतं. देवाने एवढा आवाज दिलाय, पण त्या दिवशी मी तोंड मिटून उभी राहिले.

आक्कांनी एवढंच विचारलं, "आता पानी सोडताना मला सांगनार कोन?"

मी हसले. म्हटलं, "आता बांधच न्हाईत आक्का. पानी थांबनारच न्हाई, तर सोडायचं काय?"

हे माझे शब्द आठवले की अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या पावसाळ्यात तीन दिवस संततधार लागली. चौथ्या दिवशी सकाळी दुकानातून फोन लावत होते, आक्कांचा मोबाईल लागेना. नवऱ्याला घेऊन एका टेम्पोतून निघाले. पोचलो तेव्हा रस्ता मधोमध वाहून गेला होता. खरवडलेल्या डोंगराची माती आणि झुडपं पाईपच्या तोंडाशी येऊन अडकली, मागे पाणी तुंबलं आणि सगळा भराव एकदम गेला. आक्कांच्या खाचरांत भाताच्या जागी दगड आणि मुरूम पसरला होता.

घरात कमरेएवढं पाणी होतं. आक्का माळ्यावर ओल्या लुगड्यात कुडकुडत बसल्या होत्या. शेळ्या गोठ्यात दाव्याला बांधलेल्याच होत्या, चारही मेलेल्या.

भीती वाटली की मला राग येतो. मी ओरडलेच, "पानी उंबऱ्याला लागल्यालं दिसत न्हवतं व्हय? निघाला का न्हाई?"

"दिसत व्हतं की," त्या म्हणाल्या. "पर तुजी हाक आली न्हाई. म्हनलं, आजून सोडलं नसंल."

टोमणा असता तर मी भांडले असते. पण त्या जे झालं ते सरळ सांगत होत्या.

विंझरला चला म्हणून मी त्यांच्या पाया पडले. नाही आल्या. दोन महिन्यांत भिंती लिंपून पुन्हा त्याच घरात. वर पाईपही पुन्हा तसलाच बसवला आणि डोंगर आणखी कापला. ओढा गाळाने इतका भरलाय, की आता थोड्या पावसातही पाणी अंगणात येतं.

म्हणून पाऊस लागला की मी दुकान नवऱ्यावर टाकून एसटीने जाते. आमच्या जुन्या बांधाच्या जागी तारेचं कुंपण आहे. ते धरून ओरडते. तिथल्या राखणदाराला मी वेडी वाटते. खालून "व्हय!" येतं, आणि माझा जीव भांड्यात पडतो.

गेल्या पावसापर्यंत तरी पडायचा. त्या दिवशी "व्हय" ऐकून मी उतरायला लागले, तर ओढा दगड गडगडवत माझ्या शेजारून पुढे निघून गेला. मी पोचले तेव्हा आक्का देवळाच्या चढावर जेमतेम दहा पावलं चढल्या होत्या, आणि खाली घरात पाणी शिरलं होतं. पूर्वी हाक आधी जायची आणि पाणी सावकाश मागून यायचं. आता दोन्ही बरोबरच पोचतात. आक्कांचे तर गुडघेही गेलेत.

हे सांगायला परवा मुद्दाम गेले. आभाळ डोंगरावर टेकलं होतं. आक्का दारात नव्या शेळीला पाला घालत होत्या. मी म्हटलं, "आक्का, माज्या हाकेची वाट बगू नका आता. पाऊस लागला की आपलं आपन निगायचं."

त्या हसल्या. "तू हाईस न्हवं वर? मग मी कशाला भिऊ?"

आणि उठून त्यांनी शेळी गोठ्यात नेली आणि दाव्याला बांधली.