लताची मंद आच

पेशंटला भूल देण्याआधी लता त्याच्या कानाशी वाकून एकच घरगुती प्रश्न विचारायची. बैलाचं नाव काय, सुनेच्या हातचं काय आवडतं. तो शुद्धीवर आला की तोच प्रश्न पुन्हा. उत्तर बरोबर आलं की मगच ती चहा घ्यायची. मी याला नाटक म्हणायचो. खरं तर मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो मी फारसा लपवलाही नाही.

आम्ही दोघं नाशिकच्या एकाच रुग्णालयात हृदयाचे सर्जन. हात माझा चपळ, नाव मात्र तिचं. महाधमनी फाटलेला पेशंट आला की अंग गार करून रक्ताभिसरण थांबवावं लागतं. तेवढा वेळ मानेतल्या रोहिणीतून मेंदूला वेगळं रक्त पुरवायचं. टाके संपले की अंगाला ऊब द्यायची मला कोण घाई! लता मात्र हृदयाचं काम करणाऱ्या पंपावरच्या तंत्रज्ञाला बजावायची, "लय घाई नको. दूध आचेवर हाय, उतू जाईल." घाईची ऊब मेंदूला बाधते. तिचे पेशंट उठून गप्पा मारत. माझेही उठत, पण एखादा नातवाचं नाव विसरून उठे.

मग माझ्याच वडिलांची महाधमनी फाटली. अण्णा गोदाकाठचे उपाध्ये. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांना तोंडपाठ, आणि तेवढाच त्यांना अभिमान. लताचं सिन्नरचं घराणंही त्यांच्याच यजमानांपैकी. छाती धरून म्हणाले, "तू नको. त्या सिन्नरच्या मुलीला बोलव." बापावर मी सुरी चालवणार नव्हतोच, पण निदान मला विचारायचं तरी!

लता वाकली. "अण्णा, माझ्या पणज्याचं नाव?"

"कारभारी," ते कण्हत म्हणाले.

मी तिच्या मागे उभा होतो. ऊब देताना तिनं नेहमीसारखाच वेळ लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी मनात म्हणालो, घे बाई, हवा तेवढा वेळ घे.

दुसऱ्या दिवशी घशातली नळी निघाली. लतानं तोच प्रश्न विचारला. अण्णांनी आधी घसा खाकरला. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो.

"कारभारी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्याचा बाप सखाराम. तो तू विचारला नव्हतास." मग माझ्याकडे बोट करून तिला म्हणाले, "हा माझा मुलगा. हाही डॉक्टर आहे."

लता गेल्या वर्षी नोकरी सोडून लेकीकडे बंगळुरूला गेली. आता पेशंटला प्रश्न मी विचारतो. परवा एकानं शुद्धीवर येऊन बैलाचं नाव बरोबर सांगितलं. सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "सर, अगदी लतामॅडमसारखं!"

चहा घेतला. कडू लागला.